दादाने ब्रेकचा दिवा विझवला

माझा थोरला भाऊ जन्मभर वायरमन आणि जन्मभर घाबरट. हे दोन्ही एका माणसात कसं जमतं, असं लोक विचारतात. मी म्हणते, जमलं म्हणूनच तर जिवंत आहे.

तरुणपणी त्याचा कामावरचा जोडीदार खांबावर चढलेला असताना खाली कोणीतरी, लाइट का नाही म्हणून, खटका वर केला. जोडीदार स्वतःच्या पायांनी उतरला नाही, त्याला उतरवावं लागलं. तेव्हापासून दादा कामाला हात लावण्याआधी फ्यूज काढतो आणि खिशात टाकतो. एकदा तसाच घरी आला, जेवला, गाढ झोपला, आणि तिकडे अख्खी इमारत अंधारात शिव्या घालत बसली. दादाला त्याचं काही नाही. शिव्यांनी माणूस मरत नाही, म्हणतो.

दुसऱ्याच्या कामावर त्याचा काडीचा विश्वास नाही. नळ, पंखा, शिलाई मशीन, सगळं आपला हात जगन्नाथ. गाडीसुद्धा. "मेकॅनिक पाठ वळल्यावर काय करतो, आपल्याला दिसतं का?" असं विचारतो. टेकडीवरच्या या घरात आम्ही चौघं राहतो: दादा, त्याची मुलगी, तिची छोटी आणि मी. भाची रोज गाडी घेऊन टेकडी उतरते, खाली दातांच्या दवाखान्यात कामाला जाते. ती घरी पोहोचेपर्यंत दादा खिडकी सोडत नाही. मी त्याला खूप हसते. दुसऱ्या खिडकीतून मीही बघत असते, ते सोडा.

त्या रविवारी सकाळी गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागलेला दिसला. दादाने भाचीला बजावलं, "मी बघेपर्यंत हात लावायचा नाही," आणि चाक वळवून, पोतं अंथरून, टॉर्च दातांत धरून खाली शिरला. मी मागे कपडे धूत होते. त्याने काय केलं ते मला नंतर कळलं.

ब्रेकच्या पॅडमध्ये एक बारीक वायर असते. पॅड झिजत तिथवर आलं की ती चाकामागच्या चकतीला घासून तुटते आणि समोर दिवा लागतो. सेन्सर सेन्सर म्हणतात तो एवढाच. दादाला पॅड संपलेलं दिसलं. पण दिवा त्यामुळेच लागलाय की वर कुठे वायर तुटलीय, हेही त्याला बघायचं होतं. म्हणून त्याने सेन्सरचा जोड सोडला आणि गाडीकडच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवला. दिवा विझला. म्हणजे वरचं सगळं ठीक, फक्त सेन्सर आणि पॅड बदलायचे. निदान अगदी बरोबर. खुशीत स्कूटर काढून तो सामान आणायला गेला.

विजेचं काम असतं तर फ्यूज त्याच्या खिशात असता. पण ही पडली गाडी. चावी दाराशी खिळ्यालाच राहिली आणि तारेचा तुकडा जागच्या जागी.

तो आला तेव्हा मी ओट्याशी होते. "गाडी कुठाय?" त्याने विचारलं.

"गेली की. दवाखान्यातून फोन आला तिला. छोटीलाही नेलंय. दिवा गेला म्हणाली, बाबांनी मस्त केलं म्हणाली."

दादाच्या हातातला सामानाचा खोका खाली पडला आणि तो दाराला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "अगं, मी केलं नाहीय काही. नुसता दिवा विझवलाय. ब्रेक नाहीत तिला."

मी भाचीला फोन लावला, वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही दादानेच शिकवलेलं. स्कूटरची चावी त्याला भोकात बसवता येईना, म्हणून ती मीच चालवायला घेतली. तो मागे बसला, मांडीवर खोका, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"अगं, लवकर! अगं, हळू!" एका दमात दोन्ही.

"एक काहीतरी ठरव," मी ओरडले, आणि माझाच आवाज फाटला.

प्रत्येक वळणावर मी आधी कठडा बघत होते, मग रस्ता. एका ठिकाणी कठडा तुटलेला दिसला. जवळ गेल्यावर फटीत गवत वाढलेलं दिसलं, जुनीच पडझड होती. दादाने मागून माझी ओढणी मुठीत धरली होती. तो पुटपुटत होता, "छोटी मागच्या सीटवर असेल ना? मागेच बसवते ना ती?"

सगळ्यात मोठा उतार सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे गाडी दिसली. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात तिचं नाक रुतलं होतं. भाची दगडावर बसली होती. छोटी बूट काढून त्यात वाळू भरत होती. दोघी धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला, पण दादाचा नाही पडला, कारण भाची उठून उभी राहिली होती.

"बाबा, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत होता. दोन वळणं मी ऐकत होते. थांबायला हवं होतं मी. पण दिवा बंद होता, आणि तुम्ही हात लावलेला होता. म्हटलं, मलाच भास होतोय. मग ब्रेकच धरेना, तेव्हा वाळूत घातली गाडी." ती थेट दादाच्या समोर आली. "मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही, बाबा. तुमच्यावर ठेवला."

दादाने मान खाली घातली. "सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाला. मग गाडी मागे सपाटीवर घेतली आणि चाकांना दगड लावले.

चकती निवेपर्यंत थांबलो. मग त्याने चाक काढलं, जुनी पॅड काढली. पॅड कसली, पत्रे राहिले होते. पॅडला चकतीवर ढकलणारा पिस्टन मागे दाबला, नवी पॅड बसवली, नवा सेन्सर खाचेत चेपला, तार काढून जोड खटकन लावला. दुसऱ्या बाजूलाही तेच. शेवटचे नट आवळताना पाना सारखा घसरायला लागला. भाचीने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "कसं आवळायचं ते सांगा. पण मला दिसू दे."

"समोरासमोरचे. एक वरचा, मग त्याच्या समोरचा."

मग ती सीटवर बसली, पाय ब्रेकवर ठेवला आणि किंचाळली. "पाय खालपर्यंत जातोय!"

"दाबत राहा. पिस्टन पुढे यायचाय. दाब."

ती दाबत राहिली. शेवटी पायाला पेडल टणक लागलं. दिवा विझलेलाच होता, पण आता त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"मी एकटा खाली चक्कर मारून येतो आधी," दादा म्हणाला.

"नाही. मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. छोटी इथे आत्याजवळ."

दादा जीव मुठीत धरून आत बसला. गाडी निघाली. मी छोटीला कडेवर घट्ट धरून रस्त्याच्या मधोमध उभी. वळण आलं. गाडीचे मागचे लाल दिवे लागले, गाडी मंदावली, अगदी थांबली. मला रडूच फुटलं. छोटी माझे डोळे पुसायला लागली, सगळी वाळू माझ्या तोंडावर.