सुरूवरचा तांबेरा

आमच्या हेदवीतले सुधाकरभाऊ शितप म्हणजे मोबाईलवर शिकलेले शेतीतज्ज्ञ. स्वतःच्या बागेत पाय ठेवायचा नाही आणि पडवीत झोपाळ्यावर बसून जगाची झाडं बरी करायची, हा त्यांचा उद्योग.

गेल्या दिवाळीत त्यांनी परदेशातला एक व्हिडिओ पाहिला. तांबेरा नावाची बुरशी आधी सीडरच्या झाडावर वाढते आणि तिथून सफरचंदावर जाते, म्हणून बागेजवळचे सीडर तोडा, असं त्यात होतं. भाऊंकडे सफरचंद नाही आणि सीडरही नाही. पण सीडर त्यांना आपल्या सुरूसारखा दिसला आणि सफरचंदाच्या जागी त्यांनी हापूस धरला. दोन दिवसांत समुद्राकडची सुरूंची अख्खी रांग आडवी केली. ती रांग त्यांच्या वडिलांनी खारा वारा अडवायला लावली होती. मी तसं सांगायला गेले, तर म्हणाले, "वहिनी, तुमचं शिक्षण किती?"

जानेवारीत त्यांच्या कलमांना मोहर आला आणि खाऱ्या वाऱ्याने आठ दिवसांत करपून तांबडा पडला. मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड लपवेल.

कसलं काय! काल तोच करपलेला मोहर नाचवत ते आमच्या अंगणात आले. आमचा मोहर सुरूंच्या आडोशाला टवटवीत होता, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"म्हटलं नव्हतं, वहिनी? आलाच तांबेरा! तुमच्या सुरूंवरून आला. आजच्या आज तोडा ते."

माझं शिक्षण सातवी. पण खराटा कसा धरायचा, ते त्यात आलं होतं.