दोरीच्या दुसऱ्या टोकाला

नागपूरच्या मुलीला हिमालयाचं वेड लागलं, की घरचे आधी तिची पत्रिका दाखवतात आणि मग तिला डॉक्टरकडे नेतात. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. त्यातून सुटून मी गढवालात गिर्यारोहणाचा कोर्स करून आले, तेव्हा नाकाची सालं निघाली होती आणि गॉगलच्या जागी डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं उरली होती. शेजारच्या काकूंनी माझी हनुवटी धरून विचारलं, "बर्फात गेली होती न वं? मंग काळी काहून झाली?" बर्फावरून उलटून येणारं ऊन कसं भाजतं ते मी त्यांना समजावायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरात जाऊन सुनेला सांगितलं, पोरगी थापा मारते. त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं. बाकीचे लोक फक्त जेवणाचं आणि आंघोळीचं विचारत.

मी काय पाहिलं हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं की समोर एक शिखर असे, लांब, कोणाच्याही कामाचं नसलेलं. तिथे शेत नाही, देऊळ नाही, जायला कारण नाही. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मला नेमकं तेच आवडलं. घरी सगळ्यांचं सारखं माझ्याकडेच लक्ष असायचं.

जिला हे सांगावं लागत नव्हतं अशी एकच होती, माझी कॉलेजातली मैत्रीण. ती माझ्यासोबत कोर्सला आली होती आणि आम्ही दोघी कमरेला एकच दोरी बांधून चढायचो. पुढे मी, मागे ती. परत आल्यावर सराव मोडू नये म्हणून आम्ही दर रविवारी पाठपिशवीत गहू भरून सेमिनरी हिल्स चढायचो. त्या टेकाडाला हिल म्हणणाऱ्याच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं, पण आम्हाला तेवढंच होतं. मग तिचं लग्न झालं आणि ती प्रताप नगरात सासरी गेली. तिला मुलगा झाला. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट झाले आणि गहू घेऊन एकटी चढू लागले. लोक बघत, हसत. एकटीने चढताना आपलाच श्वास फार मोठा ऐकू येतो. मला ते आवडत नसे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या कोर्सचे सर एका उंच शिखरावर मोहीम नेणार होते. त्यांनी मला बोलावलं, पण एक अट घातली. तंबू दोघांचा असतो, पुरुषांच्या तंबूत एकटी मुलगी ठेवता येत नाही. तेव्हा मुली दोन याव्यात, नाहीतर एकही नको. आता सगळं तिच्यावर होतं. ती आली तर मी जाणार, नाहीतर मी टाइप करत बसणार.

रविवारी सायकलवरून प्रताप नगरात गेले. वाटभर तिच्या सासूबाईंशी मनातल्या मनात भांडत होते. सासूबाई अंगणात बसून सांबार निवडत होत्या. वड्या करायच्या होत्या, समोर त्या कोथिंबिरीचा ढीग पडला होता. मैत्रीण मुलाला मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. मी तिथेच, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कधी निघायचं, कधी परतायचं, सरांची अट, सगळं. सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"अवं, मग जाऊ दे न तिले," त्या म्हणाल्या. "पोराले मी पाहीन. मी जलमभर रामटेकच्या पुढं गेली नाही, हिनं तरी पाहावं."

भांडायला आलेल्या माणसाची फजितीच झाली. मी हसायला लागले. मैत्रीण मात्र हसली नाही.

"मले नाही जायचं," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला उचलून आत नेलं. मी सायकलकडे निघाले. ती फाटकापर्यंत मागे आली.

"रागाव, पण ऐकून घे," ती म्हणाली. "कोर्सच्या वेळी त्या खिंडीत सर 'उतरा, उतरा' म्हणून ओरडून राहिले होते अन् तू बर्फात बसून त्या शिखराकडं पाहून राहिली होती. मी दोरी ओढली. तुले समजलं नाही. पुन्हा ओढली, तेव्हा तू मागं पाहिलं. मी कोण आहो तेही तुले आठवत नव्हतं."

"दमले होते मी."

"दमलेलं माणूस मले ओळखू येते वं. तुले खाली यायचंच नव्हतं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी नाही म्हटलं तर ते तुले नेत नाहीत. मले माहीत आहे. म्हणूनच नाही म्हणून राहिली."

"तुला कोणी सांगितलं होतं माझी काळजी करायला?" मी म्हटलं आणि सायकलवर टांग मारली. माझ्या तोंडातून याहून वाईट काही निघालं नाही हे नशीब.

खामल्याच्या रस्त्यावर मात्र मी सायकलवरून उतरले. तिने सांगितलं ते खरं होतं. मरायचं वगैरे काही मनात नव्हतं, फक्त उठायचं नव्हतं. त्या खिंडीत मला आई आठवत नव्हती, घर आठवत नव्हतं, स्वतःचं नावही नको झालं होतं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि तेवढी भीतीही कशाची वाटली नाही. हे मी कोणापाशी बोलले नव्हते. कोण समजून घेईल, असं वाटायचं. आणि अख्ख्या नागपुरात ज्या एकाच माणसाला ते न सांगता कळलं होतं, त्याला मी फाटकात रडत उभं करून आले होते.

प्रताप नगर अजून मागे दिसत होतं, परत वळता आलं असतं. मी सायकलवर बसले आणि घरी आले.