आधी दुर्गाबाईची मोटार

पौर्णिमा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. दिवसभर तिथली यंत्रं सांभाळते आणि घरी आली की पुण्याच्या एका कंपनीचं काम करत बसते, तेही बिनपगारी. तिचे वडील शेषराव म्हणजे माझा धुऱ्याशेजारचा, बांधाला बांध लागून असलेला शेतकरी. त्याला हे काही केल्या पचत नव्हतं.

"कंपनीचं काम फुकट काहून करून राहिली तू?" तो विचारायचा.

"कंपनीचं नाही बाबा, आपलं करून राहिली," ती म्हणायची. मग तो माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे. बापलेकीच्या भांडणात पडायला मी काही खुळा नाही.

पण खरं तिचंच होतं. आमच्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, आठ-दहा जणांच्या पाण्याच्या मोटारी आहेत. माझी फुलकोबी, कोणाचा झेंडू, दुर्गाबाईची शेवंती. विजेची लाईन आली की मोटार आपोआप सुरू करणारा डबा आम्ही सगळ्यांनी त्या कंपनीकडून घेतला आणि मोठे शहाणे झाल्यासारखे घरी निजलो. झालं काय, की लाईन येताच साऱ्या मोटारी एकदम उठायच्या आणि डीपी जळायची. नवी येईपर्यंत इकडे फुलं सुकायची आणि आम्ही लाइनमनला शिव्या घालायचो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

डब्यातला प्रोग्राम कंपनीने सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला आहे. कोणीही वाचावा, सुधारावा, सुधारून पाठवावा. ती सुधारणा घ्यायची की नाही हे मात्र कंपनी ठरवते. पौर्णिमाने त्यात पाळी घातली. लाईन यायच्या आधी मोबाईल प्रत्येकाला विचारतो, थांबता का? घाई असेल त्याची मोटार आधी, थांबणाऱ्याची मागून, आणि एक नीट चालू लागल्याशिवाय दुसरी उठत नाही. आमच्या डब्यांत तिने हे टाकलं होतं. पण कंपनीचा नवा अपडेट आला की तिची पाळी पुसली जायची आणि डीपी पुन्हा धूर ओकायची. तिचा बदल कंपनीने मूळ प्रोग्राममध्ये घेतला तरच आमची पिकं वाचणार होती.

तिने तो पाठवला. तिकडे अशा सुधारणा तपासणाऱ्या आरती मॅडम आहेत. त्यांनी कळवलं, "आमच्या ग्राहकांना मोटार लगेच सुरू झालेली हवी असते. खऱ्या डीपीवर चालवून दाखव, मग बघू." माझं डोकंच फिरलं. आमच्याच पोरीने फुकट राबायचं आणि वर परीक्षाही द्यायची? पौर्णिमा मात्र नाचायचीच बाकी होती.

"नकार त नाही देला ना त्यायनं, काका!"

तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे डीपीजवळ जमलो. पौर्णिमा धुऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसली, पडद्यावर आरती मॅडम. लाईन आली. डीपी गुणगुणू लागली. आणि एकही मोटार उठली नाही.

"कोनीच 'मले पहिले' नाही दाबलं?" पौर्णिमा ओरडली.

"मी त थांबलो," मी म्हटलं. "दुर्गाबाईनं कालच शेवंती लावली. नव्या रोपाले पहिलं पानी, हे काय सांगा लागते?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ते सगळे त्याचसाठी थांबले होते.

"आन् मी तुमच्या गोबीसाठी थांबली, नत्थुजी," दुर्गाबाई म्हणाली. "कशी मान टाकून बसली थे, पाह्यलं नाही का?"

पौर्णिमाचा चेहरा एवढासा झाला. मला तर मोबाईल विहिरीत फेकावासा वाटला. तेवढ्यात पडद्यावरून हसण्याचा आवाज आला. आरती मॅडमना हसू आवरत नव्हतं.

"सगळेच 'मला आधी' म्हणतील, याचा विचार आम्ही केला होता गं! सगळेच थांबतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग अशा वेळी कोणाची मोटार आधी?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, वयाने मोठा असेल त्याची. माझ्यावर सगळे तुटून पडले. सगळ्यात तावातावाने भांडला तो शेषराव. काडीने मातीत वावरं काढून तो सांगू लागला, "डीपीपासून ज्याचं वावर लंब, त्याची मोटार पहिले. आपल्या जवळच्या मोटारी चालू झाल्या का व्होल्टेज पडते आन् टोकावरची उठतच नाही. मंग एकएक करत डीपीकडे या."

"बाबा," पौर्णिमा म्हणाली, "तुमीबी कंपनीचं काम फुकट करून राहिले आता!"

शेषरावने काडी टाकून दिली, पण बोललेलं परत घेतलं नाही. टोकावरचं वावर दुर्गाबाईचंच होतं, त्यामुळे ती लाजून पदर चाळवत बसली.

पौर्णिमाने तो नियम लिहून पाठवला. कंपनीने चुका काढल्या, तिने दुरुस्त केल्या, पुन्हा चुका, पुन्हा दुरुस्ती. शेवटी घेतला बुवा त्यांनी! प्रोग्राममध्ये त्या नियमाचं नावच तिने 'दुर्गाबाई' ठेवलंय. जिथे जिथे हा डबा आहे, तिथे सगळे थांबले की आता दुर्गाबाईला विचारलं जातं. ते ऐकून बाई म्हणाली, "अवं माय, म्या त अमरावतीच्या पुढं गेली नाही कधी!"

मग तो अपडेट आला. अपडेट म्हटलं की आम्हाला जळकी डीपी आठवते, म्हणून सगळे पुन्हा डीपीजवळ. त्या दिवशीही कोणाला घाई नव्हती. लाईन आली. लांब टोकावर दुर्गाबाईची मोटार उठली, मग तिच्या अलीकडची, असं करत करत माझी. शेषरावची विहीर डीपीला लागून, म्हणून त्याच्याच नियमाने त्याचा नंबर शेवटी. बंद मोटारीशेजारी तो छाती काढून उभा होता.

लाइनमन गाडीवरून आला आणि डीपीकडे बघतच राहिला. "आज जळली नाही?"

"कायची जळते?" शेषराव म्हणाला. "माह्या पोरीनं केलं थे. फुकट!"