वाढत्या अंगाचं जाकीट

जाकीट आलं तेव्हा त्याच्या कॉलरला आतून ‘एल’ असं अक्षर होतं. मी ‘एस’ मागवलं होतं. हा बदल कोणी केला हे मला जवळजवळ दोन महिन्यांनी कळलं. तोपर्यंत मी ज्यासाठी ते मागवलं होतं ते हातचं गेलं होतं.

जाकीट म्हणजे बॉयन्सी कम्पेन्सेटर. पाणबुड्या ते अंगात घालतो, त्याच्या पाठीला हवेचा सिलिंडर बांधतो आणि बटण दाबून त्यात हवा भरतो किंवा सोडतो. हवा भरली की वर, सोडली की खाली. नेमकी ठेवली तर माणूस पाण्यात जिथल्या तिथे राहतो. आम्ही शिकणारे लोक त्याला बीसी म्हणायचो. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत हा शब्द एक दिवसही टिकला नाही. तिथे ते जाकीट झालं, म्हणजे कपडा झाला, आणि कपड्याच्या बाबतीत आमच्या घरात जे जे करतात ते सगळं त्याचं करण्यात आलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी सव्वीस वर्षांची होते, एका वर्तमानपत्रात बातमीदार होते. नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे रविवारी सकाळी अंधेरीला पोहण्याच्या तलावात पाच जणांना शिकवत. आम्ही त्यांना सर म्हणत असू. पाचांत चार पुरुष आणि मी. मार्चमध्ये सर मालवणला जाणार होते, तिथल्या समुद्राचा तळ बघायला. होडीत त्यांच्याशिवाय चौघांची जागा होती. ज्याचा स्वतःचा बीसी असेल आणि जो मुलुंडमागच्या बंद खदानीतली परीक्षा पास होईल, त्यालाच ते नेणार होते. ‘दुसऱ्याच्या बीसीवर मी कोणाला समुद्रात उतरवणार नाही,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नियम बरोबर होता. माझं त्याच्याशी भांडण नाही.

मालवण हे आमचं गाव. बाबा तिथून मुंबईला गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यापासून घरी होते. त्या समुद्राच्या काठावर मी दर मे महिन्यात उभी राहिले होते. खाली काय आहे ते आमच्या घरातल्या कोणीही पाहिलेलं नव्हतं. मला त्या होडीत जागा हवी होती.

बीसी मुंबईत मिळत नव्हता. दादा आखाती देशात एका जहाजाच्या गोदीत वेल्डर होता, त्याने कॅटलॉग पाठवला. त्यात दोन प्रकार होते. एक गळ्यात अडकवायचा, सरांकडच्या जुन्या पिवळ्या बीसींसारखा, कोणालाही होणारा. दुसरा नवीन, दोन्ही बाह्यांतून हात घालून घालायचा. सर म्हणाले, ‘मॅडम, जुना घ्या. त्यात मापाची भानगड नाही.’ मी तलावात जुना वापरून पाहिला होता. त्यातली सगळी हवा छातीवर जमते आणि माणूस उताणा होतो. मी नवीन निवडला. त्यात माप अचूक लागतं. सैल असेल तर जाकीट वर तरंगतं आणि माणूस त्याच्या आत खाली राहतो, नाकातोंडापर्यंत पाण्यात. हे कॅटलॉगमध्येच लिहिलेलं होतं. मी टेप घेऊन छाती, कंबर, खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी मोजली, तिन्ही आकडे पत्रात लिहिले आणि खाली ‘एस’ लिहून त्याभोवती गोल केला.

दादाला जाणारं निळं विमानी पत्र आमच्याकडे कधी एकट्याचं नसे. ज्याने लिहायला घेतलं त्याचं झालं की ते घरभर फिरे आणि कडेच्या कोऱ्या जागेत प्रत्येक जण दोन ओळी घाले. जागा वाया घालवायची नाही, अशी पद्धत. मी ते टेबलावर ठेवून कामावर गेले. बाबांनी त्यात भर घालून पेटीत टाकलं.

‘एल’ आलं तेव्हा मला वाटलं, दुकानात एस नसेल. परत पाठवायला वेळ नव्हता. मी पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी ते काखेखाली फुगा धरल्यासारखं सुटं राहायचं. तलावात दोनदा त्याने माझी हनुवटी वर ढकलली. बाबा संध्याकाळी मला ते खोलीत घालून बघताना पाहत होते. ‘ढिला होता काय?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेवढंच बोलणं झालं.

परीक्षेआधीचे दोन दिवस मला कामामुळे घरी यायला उशीर झाला. पिशवी बाबांनी भरून ठेवली होती. सकाळी खदानीवर मी जाकीट घातलं आणि ते पहिल्यांदाच दोन्ही कुशींना नीट बसलं. मला बरं वाटलं. का बसलं हे मी पाहिलं नाही. बटण दाबलं, ते फुगलं, मी पुढे गेले. थांबून हवा कुठून सुटतेय का ते ऐकायला हवं होतं. त्या एका गोष्टीचा दोष माझा आहे.

परीक्षेचे दोन भाग होते. वीस फुटांवर, तळाला न टेकता, तीन मिनिटं स्थिर राहायचं. मग वर येऊन दहा मिनिटं तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगायचं, पाय न मारता. खाली जाता यावं म्हणून कमरेला शिशाचा पट्टा असतो, तो सोडला की नापास.

खाली मला सतत हवा भरावी लागत होती. वर आल्यावर कारण दिसलं. माझ्या दोन्ही कुशींतून बुडबुड्यांची एकेक सरळ रेघ निघत होती, बारीक, सारख्या अंतरावर. माझ्या शेजारी तरंगणारा, चौघांतला एक, मुलुंडचा बँकेतला कारकून म्हणाला, ‘अगं ए, तुझं जाकीट तळतंय का? भजी सोडल्यासारखं चाललंय.’

‘हवा जातेय,’ मी म्हटलं.

‘मग भर ना.’

मी भरली. भरली तेवढी गेली. चौथ्या मिनिटाला पाणी ओठांपर्यंत आलं, सहाव्याला नाकापर्यंत. सिलिंडरचा काटा लाल भागात गेला होता. मी पट्टा सोडला. शिसं खाली गेलं आणि मी बुचासारखी वर आले. काठावरून सरांनी हात वर करून माझी परीक्षा थांबवली.

बाहेर येऊन त्यांनी जाकीट हातात घेतलं, काखेखालचा भाग उलटा केला. काळ्या नायलॉनवर काळ्या दोऱ्याची टीप. दोन्ही बाजूंना, काखेपासून कमरेपर्यंत, प्रत्येकी दीड इंच आत घेतलेलं. आतली हवेची पिशवी आणि बाहेरचं कापड एकच होतं. सुई दोन्हींतून आरपार गेली होती.

‘हे कोणी केलं?’ सरांनी विचारलं.

‘शिंप्याने,’ मी म्हटलं. दुसरं कोण असणार.

चौघे हसले. सर हसले नाहीत. मी म्हटलं, ‘तुमचा जुना द्या, मी आत्ता परत उतरते.’ ते म्हणाले, ‘नियम तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी बघू.’ बँकेतला म्हणाला, ‘यार, निदान चांगला शिंपी तरी बघायचास.’

घरी बाबा वाट बघत होते. ‘बरोबर बसला मा?’ त्यांनी विचारलं.

‘बाबा, शिंप्याकडे कोणी नेलं?’

‘मीच. खालच्याकडे. तो रेक्झिनच्या पिशव्यो शिवता, त्याका जाड काम येता.’ मग थोड्या अभिमानाने, ‘डबल टीप मारून घेतलंय.’

डबल टीप. म्हणजे भोकंही दुप्पट. मी जाकीट बादलीत दाबून त्यांना बुडबुडे दाखवले. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

‘माका काय म्हायत,’ ते म्हणाले. ‘जाकीट म्हणालंस. कपडो ढिलो झालो तर आत घेतत.’

इथवर मी त्यांना माफ केलं असतं. पण मी बोलून गेले, ‘दादाने एस पाठवलं असतं तर हे झालंच नसतं.’

‘त्याची काय चूक नाय. मीच कडेक लिवलंय. वाढत्या अंगाचा पाठव म्हणान.’

‘मी सव्वीस वर्षांची आहे, बाबा. माझं अंग कुठे वाढतंय आता?’

‘लगीन झाल्यार भरतला. मगे परत नवीन मागवतलंस?’

ते रागाने बोलले नव्हते. हिशेबी माणसाच्या सुरात बोलले होते. माझी तीन मापं, गोल केलेलं अक्षर, हे सगळं दादाच्या हातात होतं. त्याच्या कडेला बाबांची एक ओळ होती. दादाने ती ओळ पाळली. मला विचारायचं त्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या छातीचं माप ठरवताना जो अजून कुठेच नव्हता अशा एका नवऱ्याला हिशेबात धरलं गेलं होतं.

मी बाबांशी नऊ दिवस बोलले नाही. मार्चमध्ये चौघे मालवणला गेले. परत आल्यावर बँकेतल्याने मला सांगितलं की खाली पिवळे मासे आहेत, थव्याने. मी ठीक आहे म्हटलं.

एप्रिलमध्ये मी दादाला दुसरं पत्र लिहिलं, ऑफिसात बसून. वर तीन मापं, खाली ‘एस’. मग पत्र फिरवून डाव्या कडेला तीच मापं लिहिली, उजव्या कडेला तीच, वर, खाली, डिंकाच्या पट्टीपर्यंत. बोट टेकवायलाही कोरी जागा ठेवली नाही. पत्र ऑफिसजवळच्या पेटीत टाकलं.

एस पावसाळ्यानंतर आलं. पुढच्या वर्षी मी खदानीत दहाच्या दहा मिनिटं तरंगले आणि मालवणला गेले. मासे होते. निघायच्या दिवशी बाबांनी पिशवीला हात लावला नाही, दारातून फक्त विचारलं, ‘आता बसता?’ मी पिशवी खांद्याला लावून जिना उतरले.

बातमी पूर्ण द्यायची तर एक गोष्ट राहते. माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि आता मला ते एस होत नाही. मीडियम लागतं. बाबांचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. त्यांना हे कळण्याइतके दिवस ते होते, आणि मी त्यांना सांगितलं नाही.