पुढचा खांदा

तालीममास्तर शब्द पायांनी शिकवायचे. नाटकातल्या एखाद्या लांबलचक जोडशब्दाशी कुणाची जीभ अडली, की ते त्याला खळ्यावरच्या तालमीतून उठवून शेजारच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, चालवत. एका पावलाला एक अक्षर. दोन शब्द जुळतात तिथे जरा थांबायचं, आणि पहिल्या शब्दाला पाय दाबून टाकायचा. म्हणायचे, "दोघं जन लाकूड वाहून नेतेत ना गा? वजन पुढच्यानं पेलावं. मागचा मंग येतेच."

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. धानाच्या मुलखात, गोरेगावाजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरे, पाहुणेरावळे येत आणि नाटक होई. मी मिशी काढून राणी व्हायचो, त्यामुळे गावात माझ्या शब्दाला फारशी किंमत नव्हती. मास्तरांपुढे मात्र राणीचीही खैर नसे. "राणीसाहेब, तुमचा प्राणनाथ मरगळून राहिला. 'प्राण'वर दम द्या."

त्या वर्षी दसरूने सेनापतीचं काम मागितलं आणि सगळे हसले. दसरू तोतरा होता. मंडईला त्याच्या सासरची माणसं येत, आणि तिकडे त्याच्या बायकोला 'मुक्याची बायको' म्हणत. ते तिला फार लागायचं. मास्तर आम्हालाच म्हणाले, "काऊन हासता? जीभ अडते त्याची, मानूस नाही अडत."

मग दसरू रोज धुऱ्यावर. राज, कुल, भूषण. राज, कुल, भूषण. धुरा फुटेल म्हणून शेतमालक कावायचा. मंडईच्या नाटकात दसरू राजासमोर उभा राहिला, पाय दाबून टाकला आणि "राजकुलभूषण महाराज" असं अख्खं म्हणाला. समोर बसलेल्या सासऱ्याने दुपट्ट्याने डोळे पुसले. त्यानंतर दसरूच्या बायकोला कुणी मुक्याची म्हटल्याचं ऐकलं नाही.

पुढे काही वर्षांनी मास्तरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालणारा माणूस पाणीसुद्धा मागू शकत नव्हता. पाहवत नसे.

दसरू शेतावर जाण्याआधी रोज त्यांच्याकडे जाई. खाटेशी बसून त्यांचा चांगला पाय तळहातावर घेई आणि अक्षरागणिक दाबून सोडी. "घाई नाही मास्तर. पयल्यावर दम द्या." फार दिवसांनी मास्तरांच्या तोंडून 'राज' निघालं. पुढचं निघेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा दसरू हळूच म्हणाला, "कुलभूषण. मी हावो ना मागं."

शेवटपर्यंत तेवढंच चाललं. अर्धा शब्द मास्तरांचा, अर्धा दसरूचा.

मास्तर गेले तेव्हा तिरडीला पुढचा खांदा दसरूने दिला. वाट त्याच धुऱ्यावरून होती. तो पाय दाबून टाकत चालला होता. मागचा खांदा माझा होता. मला फार रडू येत होतं, पण पाय आपोआप त्याच्यामागे पडत होते.