दाबलेलं गानं नोको

गान्याले मानसापेक्षा जास्त इज्जत देनारा मानूस साऱ्या दुनियेत एकच हाय, अन् तो माह्या नशिबी साडू म्हून आला. धानोऱ्याले त्याच्या घरी पंखा एक, तो बी कम्प्युटरच्या तोंडावर. आपन घामानं निथळून राह्यलो तरी तो म्हनते, "मशीनीले गरम होते भाऊ." मले काऊन होईन, मी काय मशीन हाय! त्या मशीनीत त्यानं जल्मभर जमवलेले गाने हायत. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाइचे, दंडारीचे, लग्नातल्या बायाइचे, सारे सोता माईक धरून भरलेले. एका दंडारीत मी बी नाचलो होतो. त्यात ढोलकीच्या मंधात जो धप्पकन आवाज येते, तो मी पडलो त्याचा. साडूनं तो काढला नाई. म्हनते, "भल्ला साफ आलाय."

बाहेरगावी जाचं तर गाने मोबाईलमंधी भरून न्याव का नाई? नाई! "मोबाईलमंधी मावाले गानं दाबून लहान करा लागते. दाबलेलं गानं म्हन्जे बुडाले लागलेला भात." म्हून कम्प्युटर घरी चालूच ठेवाचा, अन् वाटेत नेटवरून घरचं गानं जसंच्या तसं ओढून आयकाचं. आता आमच्या जंगलात नेट कुठी? टावर दिसला की मले फटफटी थांबवा लागते. मंग त्याचा मोठा हेडफोन माह्या डोक्यावर. "बांगडी वाजली, आयकू आली?" आपल्याले ढोल अन् डबा सारखाच. मी म्हनतो, "आली ना भाऊ." तो म्हनते, "अजून वाजाचीच हाय."

बांगडीवालं ते गानं म्हन्जे त्याच्या बायकोनं म्हटलेला पाळना. ती माह्या बायकोची मोठी बहीन. आजारात तिनं साडूले सांगून ठेवलं होतं, "मी राहीन का नाई, आपल्या पोरीच्या लेकराले हेच लावजा. अन् अर्ध्यात सोडू नोका." ती गेली. पोरगी भामरागडले नर्स हाय, तिले यंदा लेक झाली. पुरानं रस्ता बंद व्हाच्या आंधी बारसं ठरलं. मी म्हटलं, "भाऊ, आजच्या दिवस दाबून घे ना." तो असा पाहाले लागला का मी गप फटफटीले किक मारली. टावर टावर करत पाच घंट्याच्या वाटेले आम्ही अख्खा दिवस लावला.

बारशाले आंगन भरलं. साडूनं पेटीएवढा स्पीकर मांडला अन् ती गाले लागली. आता काय सांगू, मले सुद्धा समजलं का हे काई तरी वेगळं हाय. जशी पाळन्यापासी बसून म्हनत होती. बाया पदर डोळ्याले लावून राह्यल्या. अन् अर्ध्यातच गानं थांबलं. साडूनं धानोऱ्याच्या शेजाऱ्याले फोन लावला. तो म्हने, "लाईन गेली ना भाऊ, आत्ताच."

साडूचं तोंड एवढंसं झालं. पाळन्याची दोरी धरून नुसता उभा. मी काऊन उठलो, मले अजून समजलं नाई. टावराखाली आयकून आयकून शब्द पाठ झाले होते, सूर तेवढा कुठीच भेटला नोता. जिथी थांबलं तिथून मी सुरू झालो. लेकरू असं किंचाळलं का कोंबड्या परसात पळाल्या. बायको म्हने, "अवो बसा ना खाली, पोरगी भेली!" पन अर्ध्यात सोडाचं नोतं ना! साडूची पोरगी एका हातानं पाळना हालवत होती, दुसऱ्यानं डोळे पुसत होती, अन् हासत बी होती. सारं म्हटल्यावर मी मागं पाह्यलं, तर साडू माईक धरून उभा.

आता त्या मशीनीत तिचा पाळना पूरा झाला का लगेच माहा रेडा सुरू होते. मी कितीकदा म्हटलं, "भाऊ, मिटवून टाक ते. तिच्या शेजारी शोभते का?"

परवा तो हेडफोन न काढताच बोलला, "राहू दे भाऊ. तिचं गानं संपलं का लय सुनं वाटते."