तोंडी परीक्षा चालू असताना

घाटकोपरच्या एका छोट्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे मुलं येतात ती पॅथॉलॉजी लॅबच्या डिप्लोमासाठी, कारण तो झाला की लगेच नोकरी लागते. त्यातल्या काहींना पुढे बी.एस्सी. करायची असते, पण ती तसं बोलून दाखवत नाहीत. घरातलं कोणी कधी कॉलेजात गेलेलं नसतं, त्यामुळे हातची नोकरी सोडून परत शिकणं म्हणजे त्यांना चैन वाटते. विद्यापीठाचा एक विभाग अशा मुलांना थेट दुसऱ्या वर्षाला घेतो, मात्र आधी लेखी आणि मग तोंडी परीक्षा द्यावी लागते. तिथे आमच्या मुलांची गणितात वाट लागते. म्हणून मी संध्याकाळी त्यांना घेऊन प्रयोगशाळेत बसायला लागले.

त्यातच ती होती. मुलुंडच्या एका लॅबमध्ये सकाळी पेशंटांचं रक्त काढायची, संध्याकाळी माझ्याकडे यायची. घरी नवरा, सासू आणि लहान मुलगी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मॅडम, मशीनमध्ये ट्यूब घालून मी कंटाळले. मशीन आतमध्ये काय करतं ते मला कळायला पाहिजे."

नवरा सांताक्रूझला विमानतळावर मालाच्या विभागात शिफ्टमध्ये काम करायचा. त्याने ओळखीतून तिच्यासाठी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात पक्की नोकरी बघून ठेवली होती. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. परीक्षेचं त्याला माहीतच नव्हतं. संध्याकाळी जास्तीचं काम असतं, असं ती घरी सांगायची.

"सांग त्याला," मी म्हणायचे.

"नाही म्हणाला तर? मग मी त्याच्या विरुद्ध गेले असं होईल. आत्ता नुसती न सांगता गेलेय."

मला ते पटत नव्हतं. पण तिचं घर तिला ठाऊक.

एका संध्याकाळी ती फळ्यावर गणित सोडवत होती, तेवढ्यात दारात तिची सासू उभी राहिली. कडेवर नात. लॅबमध्ये चौकशी करत करत ती इथवर आली होती. हिच्या हातातला खडू तसाच राहिला. मला वाटलं, आता इथे तमाशा होणार. सासू मूळची मालवणकडची. तिने फळ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, ह्या काय चललाहा?"

मी सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसून ऐकत राहिली. नात तिच्या पदराशी चाळा करत होती. शेवटी मुलाविषयी ती सुनेला म्हणाली, "झिलाक मी आपणहून सांगूचंय नाय. पण त्याने इचारल्यान तर खोटा पण बोलूचंय नाय."

आणि नातीला घेऊन निघून गेली. त्या दिवशी पुढे एकही गणित झालं नाही.

परीक्षेला मी तिच्याबरोबर सांताक्रूझला विद्यापीठात गेले. सकाळची लेखी बरी गेली. दुपारी तोंडी. आम्ही विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. बाकीची मुलं चांगल्या कॉलेजांतली, आपसात भराभर इंग्रजीत बोलणारी. ही तळहात ओढणीला पुसत होती. एवढ्यात तिचा फोन वाजला. घरून सासू.

"त्याने इचारल्यान गो," पलीकडून आवाज आला, इतका मोठा की मलाही ऐकू गेला. "मी सांगितलंय. तो थयच येता."

त्याच क्षणी शिपायाने तिचं नाव पुकारलं. ती उठेचना. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. "जा," म्हटलं, "बाहेरचं मी बघते." खरं तर मी काय बघणार होते, मलाही कळत नव्हतं.

ती आत गेली आणि थोड्या वेळाने तो जिना चढून आला. अंगावर कामाचा गणवेश, बहुतेक शिफ्ट अर्धी टाकून आला होता. मला पाहून थबकला.

"मॅडम तुम्हीच ना? कुठे आहे ती?"

"आत. तोंडी चालू आहे."

तो सरळ दाराकडे निघाला. मी उठून मध्ये उभी राहिले. "तुम्हाला जे बोलायचंय ते बाहेर आल्यावर बोला," मी म्हणाले. "आत्ता दार उघडलंत तर तिचं सगळं जाईल."

तो थांबला. "हॉस्पिटलवाल्यांना मी शब्द दिलाय. अख्ख्या जगाला माहीत, फक्त मला नाही?"

दाराआडून परीक्षकांचा आवाज येत होता, मग तिचा. ती इंग्रजीत अडखळली. मोठा खंड पडला. मग फळ्यावर खडू चालल्याचा आवाज आला. तो ऐकत होता. भिंतीला टेकला, पण दाराला हात लावला नाही. मग हळूच म्हणाला, "पास होईल का?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

ती बाहेर आली आणि त्याला बघून जागीच थांबली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो," तो म्हणाला. "तरी सांगायचंस."

दोघं एकामागोमाग जिना उतरून गेले. तिचा फोन माझ्याच हातात राहिला होता, तो द्यायला मला गेटपर्यंत धावावं लागलं.

तिची निवड झाली ती प्रतीक्षा यादीतून, एक मुलगा दुसरीकडे गेला म्हणून. हॉस्पिटलची नोकरी गेली. तो कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायचा, असं तिनेच मला सांगितलं. पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली, तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही. ते तिला जास्त लागलं. पण त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मुलीला बागेत न्यायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, आणि ते गणित तिने पुढच्या खेपेला सोडवलं.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी मी तिला नव्या मुलांशी बोलायला बोलावलं. पाठीमागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "ताई, घरचे मानले का शेवटी?"

ती म्हणाली, "मानतात. काही दिवस मानतात, काही दिवस नाही."

मग तिने खडू उचलला आणि विचारलं, गणितात नेमकं कुठे अडतंय ते सांगा.